हीं पाखरें पाहुणीं कीं घरचीं?



नवरात्राचे दिवस जवळ आले म्हणजे जळगांव-धुळ्याच्या बाजूला नदीच्या वाळूंत, शाळांच्या पटांगणांत आणि घरांच्या अंगणांतहि एक लहानसा करडा-पांढरा पक्षी दिसूं लागतो. तो चिमणीसारखा उड्या मारीत नाहीं. एकेक पाऊल टाकीत धांवतो, आणि थांबला कीं शेपटी वरखालीं आपटतो. घाटावर धुणें आपटणाऱ्या परिटाची आठवण होऊन लोकांनीं त्याला धोबी हें नांव दिलें. उन्हाळ्यांत तो कोठें होता, असें आपण विचारीत नाहीं. आणि चैत्र सरतां सरतां तो नाहींसा होतो, त्याचीहि चौकशी करीत नाहीं. ती चौकशी आजच्या भाषणांत करण्याचें मीं योजिलें आहे. पक्षी व इतर प्राणी ऋतुमानाप्रमाणें स्थलांतर कां करतात, वाट कशी शोधतात, आणि त्यांच्या या येण्याजाण्याशीं आपणां खानदेशच्या लोकांचा संबंध काय, असे हे तीन प्रश्न आहेत.

धोबी हा कांहीं एकटा नव्हे. त्याच्याहि आधीं, श्रावण-भाद्रपदांत, भोरड्यांचे थवे येतात. गुलाबी अंगाची आणि काळ्या डोक्याची ही मैना. हिलाच पळसमैना असेंहि म्हणतात. पुढें थिरथिरा येतो, तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा बसतात, आणि माळरानावर भोवत्या नांवाचे शिकारी पक्षी जमिनीलगत घिरट्या घालूं लागतात. दिवाळी झाली कीं पाणपक्ष्यांची पाळी येते. तापी व पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव हें क्षेत्र आहे. तेथून खालच्या अंगाला हतनूर येथें तापीवर बांधलेलें ४१ दरवाजांचें धरण १९८२ सालीं पुरें झालें, आणि तेव्हांपासून या संगमाच्या परिसरांत पाणी विस्तीर्ण पसरून राहूं लागलें. थापट्या, शेपटीवालें बदक, चक्रांग, चक्रवाक अशीं नाना जातींचीं बदकें हिंवाळ्यांत तेथें उतरतात. महाराष्ट्रांतील महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांत हतनूरची गणना होते, ती यामुळेंच. चक्रवाकाचा रात्रीचा विरह संस्कृत कवींनीं अजरामर करून ठेवला आहे; परंतु हा पक्षी उन्हाळ्यांत लडाख आणि तिबेट यांच्या उंच पठारांवर जाऊन तेथें संसार मांडतो, ही गोष्ट त्या विरहापेक्षां कमी नवलाची नाहीं.

हे सारे पक्षी उत्तरेकडे निघून गेल्यावर, मृगाच्या वाऱ्यांबरोबर, एक पक्षी उलट दिशेनें येतो. तो म्हणजे चातक. डोक्यावर तुरा असलेला हा काळा-पांढरा पक्षी समुद्र ओलांडून आफ्रिका खंडांतून येतो, आणि पावसाळा संपला कीं परत जातो. त्याच दिवसांत “पेरते व्हा, पेरते व्हा” असें ओरडणारा पावशा मात्र दूर देशाचा प्रवासी नव्हे. तो पुष्कळ ठिकाणीं वर्षभर असतोच. हिंवाळ्यांत तो मुका असतो म्हणून आपल्या ध्यानांत येत नाहीं, इतकेंच. तेव्हां जो नव्यानें दिसला तो दुरून आला, असें एकदम म्हणतां येत नाहीं.

पाखरें नाहींशीं होतात तीं कोठें जातात, या प्रश्नानें विद्वानांनाहि फार दिवस चकविलें होतें. पाकोळ्या हिंवाळ्यांत ढोलींत दडून बसतात, असें ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल समजत असे. सतराव्या शतकांत तर चार्ल्स मॉर्टन या इंग्रज पंडितानें पक्षी चंद्रावर जातात असें प्रतिपादन केलें! खरा पुरावा हातीं आला तो एका करकोच्याच्या मानेंतून. १८२२ सालीं जर्मनींत एक ढोक करकोचा मारला गेला, तेव्हां त्याच्या मानेंत आरपार शिरलेला भाला आढळला. आणि त्या भाल्याचें लांकूड व घडण आफ्रिकेंतील होती. आफ्रिकेंत घाव घेऊन तो जिवंत पक्षी जर्मनीपर्यंत उडत आला होता.

अशा दैवगतीवर शास्त्र चालत नाहीं. म्हणून १८९९ सालीं मॉर्टेन्सेन नांवाच्या एका डॅनिश शाळामास्तरानें साळुंकीच्या जातीच्या पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमचीं क्रमांक घातलेलीं कडीं अडकविलीं. पक्षी जेथें सांपडेल तेथील माणसानें क्रमांक कळवावा, अशी ही साधी युक्ति. आपल्याकडे १८८३ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें सातपुड्यापलीकडच्या धार संस्थानांत १९३० च्या आधींच असा उपक्रम केला, आणि डॉ. सालीम अली यांच्या नेतृत्वाखालीं १९५९ नंतर तें काम फार मोठ्या प्रमाणावर झालें. “मुंबईला कळवा” अशा अर्थाचीं इंग्रजी अक्षरें कोरलेलीं हीं कडीं सैबेरियाच्या दलदलींपर्यंत आणि मध्य आशियाच्या सरोवरांपर्यंत जाऊन पोंचलीं. अलीकडे पाठीवर इवलेसें यंत्र बांधून उपग्रहाच्या साहाय्यानें पक्ष्याचा रोजचा मुक्काम नकाशावर पाहतां येतो.

आतां पहिला प्रश्न. हे पक्षी स्थलांतर कां करतात? थंडी सोसवत नाहीं म्हणून, असें उत्तर सहज सुचतें. पण तें अर्धेंच खरें आहे. पिसांचा झगा ज्याच्या अंगावर आहे, त्याला थंडीपेक्षां उपवासाचें भय अधिक. उत्तरेकडे सरोवरें गोठलीं कीं बदकांचें अन्न बर्फाखालीं जातें. किडे नाहींसे झाले कीं धोब्यानें काय टिपावें? धुळें जिल्ह्यांतील साक्रीकडचे ठेलारी पावसाळा सरल्यावर मेंढरें, घोडीं, बायकामुलें यांसह गांव सोडून निघतात, ते कांहीं थंडीला भिऊन निघत नाहींत. गवत जिकडे, मेंढरूं तिकडे. पक्ष्यांचा न्याय हाच आहे.

परंतु याहून अवघड प्रश्न पुढेंच आहे. खानदेशांत एवढी चंगळ असतांना हीं पाखरें परत कां जातात? हिमालय पुन्हा ओलांडण्याचा खटाटोप कशासाठीं? एक तर आपला वैशाख त्यांना मानवणारा नाहीं. तळीं आटतात, माळ करपतो, पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दुसरें आणि मुख्य कारण पिलांचें. खानदेशांत वर्षांतील सर्वांत मोठा दिवसहि सुमारें साडेतेरा तासांचा. उत्तरेकडे साठाव्या अक्षांशावर तोच जवळजवळ १९ तासांचा असतो. बर्फ वितळून किड्यांचें पीक आलेलें, आणि चोंचीनें तें वेंचावयाला असा लांबलचक दिवस! तितक्या वेळांत अधिक पिलें पोसतां येतात. खडतर प्रवासांत पुष्कळ पक्षी मरतात हें खरें. पण वाढलेल्या पिलांनीं ती तूट भरून निघते, म्हणूनच ही रीत टिकली.

निघण्याची वेळ झाली हें पक्ष्याला कोण सांगतें? कॅनडांतील प्राध्यापक विल्यम रोवन यांनीं १९२४ पासून यावर प्रयोग केले. कडाक्याच्या थंडींत, उघड्या पिंजऱ्यांत ठेवलेल्या पक्ष्यांसाठीं ते रोज संध्याकाळीं दिवे लावून दिवस थोडथोडा लांबवीत. थंडी तशीच होती, फक्त उजेड वाढला. आणि तेवढ्यानें त्या पक्ष्यांच्या शरीरांत वसंतांतले फेरफार सुरू झाले. याचा अर्थ असा कीं दिवसाची लांबी हेंच त्यांचें पंचांग आहे. थंडीऊन एखादे वर्षीं दगा देईल, पण दिनमान चुकत नाहीं. तें वाढूं लागतांच पक्षी अधाशासारखा खातो, अंगांत चरबी सांठवितो. कांहीं लहान पक्ष्यांचें वजन तर जवळजवळ दुप्पट होतें. ही त्यांची शिदोरी.

ही शिदोरी घेऊन ते किती उंच आणि किती दूर जातात, याला एक उदाहरण पुरे आहे. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हंस मंगोलिया व तिबेट येथील सरोवरांकांठीं पिलें वाढवितो आणि हिंवाळ्यासाठीं हिमालय ओलांडून भारतांत उतरतो. यंत्रें बांधून पाहिलें तेव्हां तो जवळजवळ २४,००० फूट उंचीवर उडाल्याचें आढळलें. तेथें श्वासाला प्राणवायु अपुरा. पण याच्या रक्ताला विरळ हवेंतूनहि प्राणवायु पकडण्याची विशेष शक्ति आहे. शिवाय तो सरळ उंचावरूनच जात नाहीं. डोंगराच्या चढउताराला धरून खालींवर होत जातो, त्यामुळें एकंदर श्रम वांचतात.

दुसरा प्रश्न वाटेचा. दिवसां सूर्य, रात्रीं तारे, आणि अंगांतच असलेली पृथ्वीच्या चुंबकत्वाची जाण, असे तीन मार्गदर्शक आतांपर्यंत सिद्ध झाले आहेत. तारांगणांत ठेवलेल्या पक्ष्यांवर अमेरिकेंतील स्टीफन एम्लेन यांनीं केलेला प्रयोग मोठा मनोरंजक आहे. कृत्रिम आकाश ध्रुवाभोंवतीं न फिरवितां त्यांनीं तें मृग नक्षत्रांतील काक्षी या ताऱ्याभोंवतीं फिरविलें. त्या आकाशाखालीं वाढलेल्या पिलांनीं काक्षीलाच ध्रुव मानलें आणि त्यावरून दिशा धरली! म्हणजे आकाश कोणत्या बिंदूभोंवतीं फिरतें हें पिलूं पाहून शिकतें. पण तें पाहावें ही बुद्धि मात्र उपजत असते.

शिकलेलें किती आणि उपजत किती, याचें उत्तर सर्व जातींत सारखें नाहीं, आणि येथें आपला चातक पुन्हा उपयोगी पडतो. चातकाची मादी स्वतः घरटें बांधीत नाहीं. सातभाईच्या घरट्यांत अंडें घालून मोकळी होते. सातभाई आयुष्यांत आपलें शिवार सोडून फारसे जात नाहींत. त्यांच्या पंखांखालीं वाढलेलें तें परकें पिलूं आश्विनांत एकटें निघतें आणि ज्या आफ्रिकेचें नांवहि त्याला कोणी सांगितलें नाहीं, तिकडे जातें. त्याला वाट दाखविणारे आईबाप नसतात. वाट त्याच्या रक्तांतच असते.

करकोच्यांचें याच्या अगदीं उलट. क्रौंचाचें पिलूं पहिला प्रवास आईबापांबरोबर करतें. कोठें वळावें, कोणत्या तळ्यावर विसांवा घ्यावा, कोणती खिंड धरावी, हें तें वडीलधाऱ्यांच्या मागें उडून शिकतें. करकोच्यांची वाट ही एक परंपरा आहे, आणि परंपरा एकदां तुटली म्हणजे ती रक्तांतून परत येत नाहीं. हें केवळ तर्काचें बोलणें नव्हे. राजस्थानांत भरतपुरास सैबेरियांतून शुभ्र क्रौंच येत असत. १९६४-६५ च्या हिंवाळ्यांत ते सुमारें २०० मोजले गेले. पुढें दरवर्षीं संख्या घटत गेली, आणि २००१-०२ च्या हिंवाळ्यानंतर तेथें एकहि दिसला नाहीं. भरतपुरांत त्यांना पुरेपूर संरक्षण होतें. पण अफगाणिस्तान, पाकिस्तान यांवरून येणाऱ्या त्यांच्या लांब वाटेवर शिकार होत राहिली आणि विसांव्याच्या जागा बिघडल्या. पिंजऱ्यांत वाढविलेलीं कांहीं पिलें भरतपुरास सोडून पाहिलीं, पण वाट दाखविणारे वडीलधारेच उरले नव्हते; त्या प्रयत्नाला यश आलें नाहीं.

याच्या जोडीला दुसरी, आशेची हकीकत सांगितली पाहिजे. अमूर ससाणा हा कबुतराएवढा लहान शिकारी पक्षी. सैबेरियाच्या पूर्व टोंकाकडून निघून तो आश्विन-कार्तिकांत नागालँडमध्यें दोयांग तलावाजवळ लाखोंनीं जमतो, आणि तेथून भारताचा मध्यभाग व अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातो. यंत्रें बांधलेले ससाणे आपल्या महाराष्ट्राच्या आकाशांतून गेल्याचे नकाशे उपलब्ध आहेत. २०१२ सालीं दोयांगजवळ हे पक्षी जाळ्यांत धरून हजारोंनीं मारले गेल्याचें उघडकीस आलें. पुढच्याच वर्षीं तेथील गांवकऱ्यांनीं ही शिकार थांबविली, आणि आज त्याच गांवांतून लोक ते पक्षी पाहावयाला जातात. समुद्रावरून त्याच सुमारास चतुरांचेहि थवे जात असतात. पावसाळ्याच्या शेवटीं आपल्या माळावर झुंडीनें तरंगणारा तो पिवळसर चतुर भारतांतून मालदीव बेटांवरून आफ्रिकेकडे जातो, असा निष्कर्ष चार्ल्स अँडरसन यांनीं २००९ सालीं मांडला. ससाण्याला समुद्रावर हीच न्याहारी मिळत असावी, असें शास्त्रज्ञ मानतात. एवढासा किडा आणि त्यामागें जाणारा पक्षी. दोघांनाहि आपला पावसाळा उपयोगी पडतो.

आतां तिसरा प्रश्न, आपल्या संबंधाचा. या पाखरांना आपण पाहुणे म्हणतों. शब्द आदराचा आहे, पण त्यांत एक चूक दडलेली आहे. पाहुणा चार दिवस राहतो; त्याचें घर दुसरीकडे असतें. भोरडीचा हिशेब पाहा. श्रावणांत ती येते आणि चैत्रांत जाते. वर्षांतले आठ महिने ती आपल्याकडे काढते. मध्य आशियाच्या खडकाळ उतारांवर ती जाते, ती केवळ अंडीं घालून पिलें उडतीं करण्यापुरती. मग तिचें घर कोणतें? आपण दादर ज्वारीचीं कणसें राखण्यासाठीं तिच्यावर गोफण फिरवितों, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनें त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु हीच भोरडी टोळांची वैरीण आहे. चीनच्या सिंकियांग प्रांतांत टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून तिच्यासाठीं मुद्दाम घरटीं रचून देतात. आपल्याकडेहि फाल्गुनांत पळस व सांवर फुलली कीं मध पितांना तिच्या तोंडाला परागांची पूड लागते आणि ती या फुलावरून त्या फुलावर जाते. एका ठिकाणचा चोर दुसऱ्या ठिकाणीं राखणदार असूं शकतो.

न जाणाऱ्यांचेंहि एक उदाहरण आपल्याच भागांतलें आहे. सातपुड्याच्या सागवानी जंगलांत राहणारा रानपिंगळा कोठेंच स्थलांतर करीत नाहीं. १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय पुरावाच मिळेना. तो नामशेष झाला असें समजलें जाऊं लागलें. ११३ वर्षांनीं, नोव्हेंबर १९९७ मध्यें, तेव्हांच्या धुळें जिल्ह्यांतील शहाद्याजवळ तो पुन्हा सांपडला. त्याचें भवितव्य एका जंगलाशीं बांधलेलें आहे. तें जंगल राखलें कीं तो राहिला. प्रवासी पक्ष्याचें तसें नाहीं. त्याचें घर म्हणजे एक सांखळी आहे: एक कडी सैबेरियाच्या दलदलींत, एक तिबेटच्या सरोवरांत, एक हिमालयाच्या खिंडींत आणि एक तापीकांठीं. उरलेल्या साऱ्या कड्या शाबूत असल्या आणि एकच तुटली, तरी ती सांखळी राहत नाहीं. भरतपुरची कडी शाबूत होती. तरी क्रौंच गेले. म्हणूनच या विषयांत राष्ट्रांना एकत्र यावें लागलें. स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांसंबंधीं १९७९ सालीं बॉन येथें झालेल्या करारांत भारत १९८३ पासून सामील आहे, आणि त्या करारांतील राष्ट्रांची परिषद २०२० च्या फेब्रुवारींत गांधीनगर येथें भरली होती.

तापीकांठची कडी मात्र कोणत्याहि परिषदेच्या हातीं नाहीं; ती आपल्या हातीं आहे. बदकांना आणि चिखलांत चोंच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांना खोल पाण्याचा फारसा उपयोग नसतो. त्यांना हवा असतो कांठाचा उथळ, गाळाचा पट्टा. धरणाचें पाणी उतरूं लागलें कीं याच पट्ट्यावर गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्याचीहि नजर असते, आणि जाळें टाकणाऱ्या कोळ्याचीहि. दोघांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे. तेव्हां सारा कांठ पक्ष्यांना द्या, असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. परंतु कांहीं भाग निदान फाल्गुनापर्यंत निर्वेध ठेवणें, उथळ पाण्यांत बेवारशी जाळीं सोडून न देणें, आणि पाण्यालगतच्या पिकावर जहाल विषारी औषधें न फवारणें, एवढें तर करतां येईल. गांवोगांवच्या लहान तळ्यांचेंहि असेंच आहे. तीं बुजवून जागा करण्यापूर्वीं तेथें हिंवाळ्यांत कोण उतरतें, हें एकदां पाहावें.

घरबसल्या करण्याजोगेंहि कांहीं आहे. आपल्या अंगणांत धोबी पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसला आणि शेवटचा केव्हां दिसला, याची नोंद मुलांकडून वहींत ठेवून घ्यावी. दहा वर्षांच्या अशा नोंदी एकत्र केल्या म्हणजे ऋतु सरकत आहेत कीं काय, हें त्यांतून दिसूं लागतें. तळ्याकांठीं मेलेलें पाखरूं आढळलें तर त्याच्या पायाकडे जरूर पाहावें. कडें असेल तर त्यावरील अक्षरें व क्रमांक, सांपडल्याची जागा आणि तारीख उतरवून मुंबईच्या सोसायटीला कळवावी. तेवढ्या एका पत्रानें हजारों मैलांच्या एका प्रवासाचा शेवट शास्त्राला समजतो.

दोयांगच्या गांवकऱ्यांना आफ्रिका पाहावयाची नव्हती आणि सैबेरियाहि. त्यांनीं आपल्या गांवापुरती वाट मोकळी केली, आणि दोन खंडांमधला रस्ता खुला राहिला. आपल्याकडे मागणें तेवढेंच आहे. आठ आठ महिने जीं आपल्या शेतांत आणि तळ्यांवर काढतात, त्यांना पाहुणे म्हणून नुसतें कौतुक करण्यापेक्षां घरचीं म्हणून त्यांचा वांटा राखून ठेवावा, हें अधिक न्यायाचें होईल.